हिरव्या कापडावरची सफरचंदं

थोरल्या भावाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. आईला आणि धाकट्या बहिणीला. बायकोलासुद्धा त्यानं कधी ताकास तूर लागू दिली नव्हती. आई जाताना बहिणीचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "त्याला उघडं पाडू नकोस." बहिणीनं ते बावीस वर्षं पाळलं.

भावाचा चित्रकलेचा क्लास होता. बहुतेक विद्यार्थी निवृत्त झालेले, नाहीतर मुलं हाताशी आलेल्या बायका. सगळे त्याला सर म्हणत आणि हिला ताई. पॅलेट लावायचं काम ताईचं. वर पिवळा, उजवीकडे लाल, खाली निळा, डावीकडे हिरवा. जागा कधी बदलायची नाही. सर त्या जागा पाहून ब्रश बुडवायचे आणि सांगायचे, "विरोधी रंग शेजारी ठेवा, दोघंही पेटून उठतात. लालशेजारी हिरवा, निळ्याशेजारी नारिंगी." मोठी चित्रं मात्र ताई घरी काढायची. सही तेवढी त्याची. तिची कधी तक्रार नव्हती. आपलाच भाऊ, त्याचं चाललंय ना, असं ती म्हणायची.

मग हिरव्या कापडावरच्या तीन लाल सफरचंदांच्या चित्राला मोठ्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. ती सफरचंदं तिनं अकरा दिवस रंगवली होती. सावलीसाठी लालमध्ये कणभर हिरवा मिसळून मिसळून बोटांना घट्टे पडले होते. सत्काराला एका पाहुण्या बाईंनी तिला सहज विचारलं, "तुम्हीही काढता का हो?"

ती तोंड उघडणार एवढ्यात सर हसून म्हणाले, "ही? हिला रंगातलं काय कळतंय! ब्रश मात्र झकास धुते."

सगळे हसले. वहिनीही हसली. ताई पण हसली, आणि हसता हसताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर प्रदर्शनवाल्यांनी सरांना बोलावणं धाडलं, बक्षिसाचं चित्र लोकांसमोर काढून दाखवा. सरांनी मोठ्या तोऱ्यात होकार दिला. ताईनं कार्यक्रमाच्या सकाळी पॅलेट लावली, फक्त लाल आणि हिरव्याची अदलाबदल केली. लाल जरा गडद केला, हिरवा जरा उजळला, म्हणजे दोन्ही त्याला आपापल्या जागीच वाटावेत. घाई केली नाही. इतकं मन लावून तिनं आजवर पॅलेट लावली नव्हती.

हॉल खच्चून भरला होता. टेबलावर हिरवं कापड, त्यावर तीन लाल सफरचंदं. सरांनी ब्रश उजवीकडे बुडवला आणि पहिलं सफरचंद भरलं.

"बघा," ते म्हणाले, "हा खरा लालभडक! तोंडाला पाणी सुटलं पाहिजे."

सफरचंद कच्च्या कैरीसारखं हिरवंगार झालं होतं. लोकांना वाटलं, आधी खालचा थर देत असतील. सरांनी दुसरं भरलं, तिसरं भरलं. मग कापड रंगवायला घेतलं, "आता शांत हिरवा," असं म्हणत. कापड रक्तासारखं लाल झालं. कुणीतरी फिसकन हसलं. पहिल्या रांगेतले, टपालखात्यातून निवृत्त होऊन क्लासला येणारे एक आजोबा उठून उभे राहिले.

"सर, माफ करा, पण सफरचंदं हिरवी का?"

सरांचा हात थांबला. त्यांनी चित्राकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. तोंडचं पाणी पळालं. बाजूला उभ्या असलेल्या ताईकडे वाकून ते कुजबुजले, "ए, काय झालंय? कुठला रंग आहे हा?"

ताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला रंगातलं काय कळतंय, दादा?"

सर ब्रश तिथंच टाकून निघून गेले. तिनं खुर्ची ओढली. ॲक्रिलिक रंग एव्हाना सुकला होता, म्हणून सफरचंदांच्या हिरव्यावरच पातळ लाल आणि कापडाच्या लालवर हिरवा चढवत गेली. जिथं खालचा हिरवा डोकावला, तिथं आपोआप सावली पडली. तासाभरात सफरचंदं टेबलावरून उचलावीत अशी दिसायला लागली. टाळ्या वाजल्या तेव्हा तिला आईची आठवण झाली. जरा कसंनुसं झालं. पण ब्रश थांबला नाही.

महिन्याभरात तिनं स्वतःच्या पुढच्या खोलीत क्लास सुरू केला. अठरा विद्यार्थी तिकडून इकडे आले. वहिनी दोनदा आली, डोळे पुसत म्हणाली, "त्याची पॅलेट लावून जा गं. चुकलं त्याचं."

"मग त्यालाच येऊन सांगू दे. क्लास भरलेला असताना."

पंधरवड्यानं तो आला. अठरा जण बघत होते. खालमानेनं पुटपुटला, "ते चित्र हिनं काढलं होतं. माझी सगळीच."

"मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं नाही," ताई म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं. आवाज मध्येच फाटला. ताईनं भिंतीकडच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवलं. तो जाऊन बसला, आणि ती पिवळ्या लिंबाच्या सावलीत जांभळा कसा भरायचा ते सांगू लागली.