उलटं कार्ड

ग्रंथालयात तिला सगळे कार्डबाई म्हणत, आणि त्यात चेष्टा कमी, धाक जास्त होता. विद्यापीठातल्या प्रत्येक पुस्तकाचं कार्ड तिच्या हाताखालून गेलेलं. तिची एक पद्धत होती. पुस्तक हरवलं की कार्ड फाडायचं नाही, खणात उलटं उभं करायचं. सापडलं की पुन्हा सुलटं. हे तिने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. लिहायचं कशाला, ती होती की!

मग कॉम्प्युटर आले आणि कार्डांवरची माहिती भरायला एक मुलगी नेमली. मुलगी नीटनेटकी, कामाला वाघ. टाइप करण्याआधी तिने खणातलं एकूण एक कार्ड सरळ करून घेतलं. झालं! हरवलेली त्रेचाळीस पुस्तकं आठवड्याभरात स्क्रीनवर ‘उपलब्ध’ झाली.

कार्डबाईने कपाळाला हात लावला आणि बसल्या जागी बेचाळीस नावं आठवून सांगितली. त्रेचाळिसावं तिने गिळलं. ते पुस्तक हरवलेलं नव्हतंच. ते तिच्या घरी, कपाटात चादरींखाली होतं. पुलांच्या बांधकामावरचं जाडजूड पुस्तक. नवरा ते अर्धवट ठेवूनच वारला, एका पानावर खुणेला बसचं तिकीट सोडून. परत करायचा तिला धीर झाला नाही, म्हणून तिने स्वतःच्या हाताने कार्ड उलटं केलं. त्याला एकोणीस वर्षं झाली.

नेमकं तेच पुस्तक एका विद्यार्थ्याने मागितलं. रॅकवाले मामा तीनदा शिडी चढले आणि तीनदा हात हलवत उतरले.

"मशीन म्हणतंय आहे, तुम्ही म्हणता नाही," साहेब म्हणाले. "मशीनला चष्मा लागलाय का?" आणि त्यांनी मेमो दिला. मामांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. आयुष्यातला हा त्यांचा पहिला मेमो.

मामा चिडले असते तर बाईला सोपं गेलं असतं. पण ते तिच्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, माझे डोळे गेले वाटतं."

दुसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत बाईने पुस्तक पिशवीतून काढून रॅकवर सरकवलं. मशीन खरं ठरेल, मामा सुटतील, आपलीही झाकली मूठ राहील, असा तिचा हिशेब. तासाभराने मामा ते घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. "इथेच होतं, साहेब. समोर असून दिसलं नाही मला. उद्यापासून शिडीवर दुसऱ्या कोणाला चढवा."

बाईला आपलीच लाज वाटली. ती उठून तिथे गेली.

"तिथे नव्हतं ते. आमचे हे ते अर्धवट ठेवून गेले, तेव्हापासून एकोणीस वर्षं माझ्या घरी होतं. सकाळी मीच ठेवलंय. मेमो द्यायचा तर मला द्या."

साहेब कागद शोधायला लागले. टाइप करणारी मुलगी मान खाली घालून बसली. बाईने पुस्तक टेबलावर ठेवून तिकिटापाशी उघडलं, तिकीट काढून घ्यायला. पण तिचा हात तिथेच थांबला.

मामा टेबलाच्या पलीकडे, चार हातांवर उभे होते. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि मान जराशी पुढे केली.

"एकशे बारा," ते म्हणाले. "एकशे बाराव्या पानावर थांबलेत यजमान तुमचे. दिसतंय मला."