गोड आजोबांचा मेंदू

मेंदूच्या तपासणीचा निकाल ऐकायला जायचं म्हणून आईने ठेवणीतले कपडे बाहेर काढले, तेव्हा लेकीने हटकलं.

"अगं, लग्नाला निघालीस का?"

"तुझ्या बाबांना भेटायला चाललेय," आई म्हणाली. "उरलेत तेवढ्यांना."

आपला मेंदू संशोधनाला द्यायचा, हे बाबांनी धडधाकट असतानाच सही करून ठरवून टाकलं होतं. त्यांच्या रीतीप्रमाणे, घरात कुणालाही न विचारता. जन्मभर माणूस म्हणजे तोफखाना. जेवणात जरा काही कमीजास्त झालं की ताट भिंतीवर. आईला हाक मारायचे ती नुसती "ए" अशी. मग आजार आला आणि ते लोण्यासारखे मऊ झाले. आईचा हात हातात घेऊन कुरवाळत बसायचे, "माझी सोनी" म्हणायचे. शेजारीपाजारी म्हणत, उशिरा का होईना, शहाणपण आलं. आई हात देऊन बसून राहायची.

लेकीने मिळेल ते वाचून काढलं होतं. कपाळामागचा मेंदू झिजला की माणूस बहुधा बिघडतो. क्वचित एखादा निवळतो. आजारपणात तिच्याही डोक्यावरून बाबांचा हात एकदोनदा फिरला होता. वाचता वाचता तो हात आठवला तेव्हा तिने पुस्तक मिटून ठेवलं होतं. आईला यातलं अवाक्षर कळू नये, एवढीच तिची धडपड होती. आदल्या दिवशी तिने संशोधकबाईंना फोनवर बजावलं होतं, "आईला फक्त आजाराचं नाव सांगा. प्रेमाबिमाचा विषय नको."

"अर्थातच," बाई म्हणाल्या होत्या.

बाईंच्या खोलीत नाकात चढणारा रसायनांचा वास होता आणि त्यावर कॉफीचा. हातात क्रीमचं बिस्किट घेऊन त्यांनी पडद्यावर फोटो लावला. मेंदूचा काप. फिकट, कडेने आक्रसलेला, शिळ्या कोबीसारखा.

"काय सुंदर झीज आहे बघा!" बाई म्हणाल्या. बिस्किटाचा चुरा टेबलावर सांडला, तो त्यांनी ओल्या बोटाने टिपून खाल्ला. "तसा प्रत्येकाला नंबर असतो, पण यांना इथे सगळे गोड आजोबाच म्हणतात."

आई पडद्याकडे टक लावून पाहत होती.

"आणि ही फिल्म. तुमची परवानगी असली तर परिषदेत दाखवू."

फिल्म दवाखान्यातली होती. बाबा आईचा हात कुरवाळत होते. मग आई पाणी आणायला उठली. बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला आणि तसाच, त्याच मायेने फिरू लागला. "माझी सोनी," ते दांड्याला म्हणाले.

बाई हसल्या. "इथे हमखास हशा पिकतो."

"म्हणजे आधीच दाखवलीत?" लेकीने विचारलं.

"इथल्या इथे हो. विद्यार्थ्यांना." मग कालचा फोन साफ विसरून त्या आईकडे वळल्या. "आजी, तुम्हाला वाटलं असेल ते प्रेम आहे. खरं तर ते लक्षण."

टेबलावरच्या बशीतली सगळी बिस्किटं बाईंच्या तोंडात कोंबावीत असं लेकीला वाटलं.

"खुर्चीचं काय घेऊन बसलात," आई शांतपणे म्हणाली. "न्हाणीघरातल्या बादलीलाही सोनी म्हणायचे हे. मला काय डोळे नव्हते?"

लेक तिच्याकडे वळली. "मग तू हात का देत होतीस?"

"इतक्या वर्षांत दुसरं कोण धरत होतं गं? आजाराने धरला. धरला तर धरला."

"वा!" बाई पुढे सरसावल्या. "आजी, हेच वाक्य कॅमेऱ्यासमोर बोलाल? अगदी असंच!"

आईने त्यांच्याकडे पाहिलं, ताटात केस निघाल्यावर पाहावं तसं.

"मेंदू ठेवा. तो त्यांचा, त्यांनी दिला. त्या फिल्मधला हात माझा आहे. पुसा ती."

"पण आजी, विज्ञानासाठी..."

"पुसा. जिथे जिथे असेल तिथून." आई उठली. "मी बाहेर बसते गं. मला मळमळतंय."

लेकीने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि बाईंचं क्रीम लागलेलं बोट फिल्म पुसायच्या बटणावर पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.