चौथ्यांदा मोजलेलं तापमान

बहिणीनं त्याचं नाव ठेवलं होतं मोजपट्टी, आणि ते त्याला शोभायचंही. पदवी मिळाल्यापासून तो चहातली साखरसुद्धा वजन करून घालायचा. चार शाळांनी त्याला नको म्हटलं होतं. आज पाचव्या शाळेत नमुना पाठ. हीही नोकरी हुकली तर मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं घरी ठरलं होतं.

विषय त्यानंच हौसेनं घेतला: मितस्थायी अवस्था. सोडियम ॲसिटेटचं दाट, गरम द्रावण त्यानं चंबूत झाकून अलगद थंड केलं होतं. इतकं थंड झाल्यावर खरं तर त्याचे खडे व्हायला हवेत. पण ते पाण्यासारखं निवांत राहतं. एक कण पडला की क्षणात घट्ट! तो कण समितीसमोर टाकायचा आणि बाजी मारायची, असा थाट.

मुख्याध्यापिका आणि एक वयस्कर सर समोर येऊन बसले. तापमान तीनदा नोंदवून झालं होतं, पण आमच्या शहाण्याला चौथ्यांदा मोजायची हुक्की आली. तापमापक सकाळच्या तालमीतला, फडक्यानं पुसलेला. म्हणजे, जवळजवळ पुसलेला.

बुडवताच टोकापासून पांढऱ्या सुया पसरल्या. चंबूचा दगड झाला. तापमापक आत खांबासारखा उभा.

"झालं?" सर म्हणाले. "आम्ही नीट बसलोही नव्हतो हो."

थाप सुचेपर्यंत त्याची जीभ खरं बोलून मोकळी झाली. "तापमापकाला जुना कण चिकटला होता, सर. द्रावण शांत होतं, पण स्थिर नव्हतं. उतारावरच्या खळग्यात धोंडा अडकतो ना, तसं. कुणीतरी ढकलायचाच अवकाश. ढकलणारा गाढव मी."

बाईंनी चंबूला हात लावला. "अगं बाई, गरम आहे की!"

"अडकलेली ऊर्जा बाहेर पडली, मॅडम. वितळवून थंड केलं की पुन्हा होईल. पाऊण तास लागेल."

"मग तापवा. तोवर आम्ही शेजारी दुसऱ्या उमेदवाराला बघतो."

गरम पाण्यात चंबू धरून तो भिंतीपलीकडचा पाठ ऐकत राहिला. चांगला होता, मेला.

द्रावण थंड होत आलं तेव्हा बाई परतल्या. "त्यांचा पाठ घोटून आणलेला, एक चूक नाही. पण वर्गात प्रयोग फसतातच. फसल्यावर ते काय करतील, काही कळलं नाही. तुमचं कळलं. सोमवारी कागदपत्रं घेऊन या. आणि आता तो कण टाका बघू, मला गंमत बघायचीय."

तो आनंदानं उडीच मारणार होता. पण चंबू हातभर अंतरावर होता, त्याला धक्का नको म्हणून नुसता हसला आणि दोन पावलं मागे सरकला.