शिवणीत दडलेली अक्षरे

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो; पायाने चालणारी, काळ्या अंगाची, चाकापाशी रंग उडालेली. तुम्ही म्हणाल, हिने फार तर फ्रॉक आणि उशांचे अभ्रे शिवले असतील. ते तर शिवलेच. पण मी एक पुस्तकही शिवले आहे, आणि पहिल्या खेपेला ते बिघडवलेही आहे.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. ज्या घरात आले, तिथली आई दोन वर्षांतच गेली. थोरली लेक पंधराची, धाकटी पाचाची. थोरलीने शाळेचे दप्तर खुंटीला टांगले ते टांगलेच, आणि ती माझ्यापुढे येऊन बसली. तिला सगळे आक्का म्हणत. धाकटी माझ्या पायडलाशेजारी चिंध्यांच्या बाहुल्या करी. आक्काने तिला शिकवले, वाढवले, आणि पुढे स्वतः उठून माझ्यापुढचे स्टूल तिला दिले. गल्ली त्या धाकटीला 'बाई' म्हणू लागली. आक्का खिडकीपाशी बसून काज-बटण करू लागली.

असेच दिवस चालले होते. मग एका सकाळी आक्काला सुईचे नेढे सापडेना. एकदा, दोनदा, तीनदा. डॉक्टरांनी तपासून सांगितले की नजर हळूहळू जाणार, फार तर दीड वर्ष.

त्या दिवशी बाईंनी मनाशी एक नेम धरला. आक्काचे आयुष्य लिहायचे, रोज एक पान, आणि पान पुरे झाल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही. पहाटेची प्रार्थना झाली की त्या माझ्या फळीवर वही ठेवीत. ताप असला तरी वही उघडलीच. लिहिणे त्यांच्या हातचे नव्हते. एका ओळीला दोन ओळी खोडीत.

"घरात दोन शिंपिणी होत्या, त्यातली एक लेखिका झाली," बाईंचे घरधनी म्हणाले. "आता माझ्या शर्टाचं बटण कोण लावणार?"

"मी लावीन," आक्का म्हणाली. "मला बटण अजून दिसतं. तुम्ही तेवढे धूसर दिसता."

वर्षभरात साडेतीनशे पाने झाली. खोडून, फाडून त्यांतली चाळीस उरली. एका प्रकाशकाने 'विषय घरगुती आहे' म्हणून वही परत पाठवली. दुसऱ्याचे उत्तरच आले नाही. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "आक्का, आपणच छापू. मोठ्या अक्षरात. मी तुला वाचून दाखवीन."

"वाचून नको दाखवूस," आक्का म्हणाली. "जन्मभर लोकांनी माझ्याबद्दल बोलायचं आणि मी ऐकायचं. हे मी माझं वाचणार. तेवढी घाई कर म्हणजे झालं."

छापखान्याचे काका कागद घेऊन घरी आले. बांधणी मशीनवरच करणार, असे बाईंनी आधीच ठरवले होते. काकांनी विचारले, "शिवणीच्या बाजूला जागा किती सोडू?"

"अर्धा इंच. शिवणीला अर्धा इंच माया पुष्कळ झाली."

"बाई, कागद कापडासारखा उलगडत नाही हो."

"काका, मी चाळीस वर्षं शिवतेय."

काकांनी अर्धा इंच टिपून घेतला. शंभर प्रतींचे सुटे कागद आले. बाईंनी मला जाड सुई लावली, पहिली प्रत माझ्या पायाखाली धरली आणि टीप मारली. मीही फुशारून गेले. अशी सरळ टीप मी कधी मारली नव्हती.

आक्काने पुस्तक उघडले. डोळ्यांजवळ नेले, लांब धरले. डाव्या पानावर ओळींचे शेवट शिवणीत गेले होते आणि उजव्या पानावर सुरुवाती. तिने जोर लावला तशी कड फाटली.

"छान आहे गं," ती हळूच म्हणाली. "पण मधे तोंड मिटून बसलंय."

बाईंचा चेहरा उतरला. पुन्हा छापायला दोन महिने लागणार होते, आणि आक्काला आता समोरची खिडकीही नीट दिसत नव्हती. काकांनी बजावले होते, तरी आपलेच खरे केले, ही टोचणी त्यांना सुईपेक्षा खोल लागली. त्या टीप उसवत बसल्या. कापडाची भोके पाणी मारले की मिटतात. कागदाची मिटत नाहीत.

"रडू नकोस," आक्का म्हणाली. "कापड कमी पडलं तर काय करायचं, शिकवलं होतं ना मी?"

"जोड द्यायचा."

"मग दे की."

कपाटाखाली चिंध्यांचे गाठोडे होते, आक्काच्या पहिल्या दिवसांपासूनच्या गिऱ्हाइकांचे. बाईंनी त्यातून दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या कापल्या. एकेका पानाच्या कडेला एकेक पट्टी मी शिवली, आणि मग सगळ्या पट्ट्या एकत्र. आता पुस्तक उघडले की अंथरुणासारखे सपाट पडे. आक्काने भिंग लावून ते अकरा दिवसांत वाचले. शेवटचे पान झाल्यावर म्हणाली, "एक चुकलंय. दप्तर मी खुंटीला नाही, खिळ्याला टांगलं होतं." एवढेच. मग बराच वेळ तिने बाईंचा हात सोडला नाही.

उरलेल्या प्रतीही तशाच झाल्या, रोज एक, चहाच्या आधी. एक म्हातारी गिऱ्हाईक पुस्तक घेऊन उलट पावली परत आली. बाराव्या पानाला तिच्या शाळेतल्या निळ्या फ्रॉकचा तुकडा होता.

आज घरात विजेवरची मशीन आहे. मी कोपऱ्यात, चादरीखाली. पट्टा सैल, चाकाला गंज. आक्काला आता काहीच दिसत नाही. पण दुपारी ती माझ्या फळीवर पुस्तक उघडते आणि पट्ट्यांवरून बोट फिरवते. "ही मलमल, म्हणजे आईचं पान," असे पुटपुटते आणि ते पान तोंडपाठ म्हणते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी मुकी पडली असेल, तर तिला महिन्याला दोन थेंब तेल द्या. आणि कुणासाठी चार ओळी लिहायच्या मनात असतील, तर त्यांच्या डोळ्यांत उजेड आहे तोवर लिहा. चुकल्या तर उसवता येतात. माझी सुई अजून जागेवर आहे.