खिडकीशेजारची जागा

माझं नाव तबिथा. जळकोटात मी आशा कार्यकर्ती हाय. दारात कुत्रं गुरगुरत असलं तरी पोलिओचा डोस पाजल्याबिगर मी माघारी येत न्हाई, आणि एखादा गडी पिऊन बायकोवर हात उचलताना दिसला तर त्याला गल्लीत उभा करून सुनावते. लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणू द्या. पण हे दोन महिने मी एका बाईला भिऊन राहिले, आणि तिच्याहून जास्त देवाला.

ती बाई म्हणजे सुवार्ता. आमच्याच मंडळीतली, चर्चच्या मागच्या गल्लीत राहणारी. मध्ये कुष्ठरोगाचा सर्व्हे होता, तर मी तिच्या घरापर्यंत गेले. दार सताड उघडं, आतून शिलाई मशीनचा आवाज येऊन राहिला, आणि मी कागदावर लिहिलं, 'घर बंद'. खोटं लिहिण्याची ती माझी पहिली खेप.

झालं ते असं. नाताळच्या आधी नांदेडला तीन दिवसांची उज्जीवन सभा, म्हणजे गाण्या-प्रार्थनेचा मेळावा होता. मंडळीनं जीप केली, चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरच्या, पाळकीणबाईही संगं होत्या. सुवार्ताकडं लग्नाचे ब्लाउज शिवायला पडलेले, म्हणून तिनं अकरा वर्षांची लेक तेवढी माझ्यासंगं धाडली. अक्षरा तिचं नाव. "तबिथाताई, तुमच्याजवळच बसवा तिला," एवढंच म्हणाली. परतीला मी डाव्या खिडकीशी होते आणि अक्षरा माझ्या शेजारी. त्या खिडकीची काच वर सरकत नव्हती. थंडीचे दिवस, वारा कानात घुसला, कान ठणकाय लागला. कंधार सुटल्यावर मी तिला विचारलं, "अक्षू, खिडकी पायजे का?" पोरगी टुणकन उठली. तिला वाटलं मावशी लाड करून राहिली. मी माझा कान वाचवत होते. जागा बदलली, डोक्यावरून पदर घेतला आणि झोपले.

दिवस मावळतीला गेला होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी, मागं दिवा न्हाई, लाल फडकं न्हाई, काही न्हाई. सिद्धराम ड्रायव्हरनं जीप उजवीकडं घेतली, पण डावी बाजू ट्रॉलीला घासून फाटत गेली. मला कपाळाला चार टाके पडले. अक्षरा जागीच गेली. बाकी सगळे खरचटून वाचले.

मग घरी बायका यायला लागल्या. माझा हात हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "देवानं तुला राखलं, तबिथा. तुझ्याकडून त्याला काहीतरी करून घ्यायचंय." मग अक्षराकडून काही करून घ्यायचं नव्हतं का, असं विचारायचं ओठावर यायचं. पण तोंडाला कुलूप. जागा कुणी बदलली ते मला ठाऊक होतं. बाकीचे डुलक्या घेत होते, त्यांना काय कळणार?

आम्ही ख्रिस्ती माणसं लहानपणापासून दर रविवारी एकच गोष्ट ऐकतो, माझ्या जागी दुसरा क्रुसावर मेला म्हणून मी जिवंत हाय. आधी ते ऐकून डोळे भरून यायचे. आता ऐकलं की हातपाय गार पडतात. देवाचं असंच चालतं का, एक राखायला एक उचलायचा? आणि या खेपेला त्याला ती पोरगी सापडली? माझी इरा नऊ वर्षांची हाय. ती जिन्यावर पळाली तरी काळजात धस्स होतं. तिची सायकल मी कुलपात घातली. शाळेच्या रिक्षात तिला मधोमध बसवाय लावलं. "मम्मी, तू अशी का करून राहिलीस?" म्हणाली, तर ठेवून दिली एक, आणि मग मोरीत जाऊन मीच रडले.

अशात आमच्या सासूबाईंनी, कोंडाबाईंनी, मला न विचारता पाळकसाहेबांकडं नाव देऊन टाकलं. रविवारी तबिथाची उपकारस्तुती. आमच्यात संकटातून वाचलं की तसं करतात. भर उपासनेत उभं राहायचं, देवानं कसं राखलं त्याची साक्ष द्यायची, आणि मग घरच्यांनी सगळ्यांना चहा-बुंदी वाटायची. सासूबाईंनी बुंदीवाल्यालाही सांगून ठेवलेलं.

मी तडक पाळकसाहेबांच्या घरी गेले. हणमंतराव त्यांचं नाव, साठीचे, शांत माणूस. "सलाम साहेब, माझं नाव काढा," म्हणलं.

"सुवार्तासाठी म्हणता का? ती लेकीला माती दिल्यापासून चर्चला आलेलीच न्हाई, ताई."

"ते असू द्या. मला सांगा, देव एकाला वाचवायला दुसऱ्याला मारतो का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अक्षराच्या मातीला मी सगळ्यांसमोर म्हणालो की ही देवाची योजना हाय," ते म्हणाले. "तेव्हा सुवार्तानं माझ्याकडं बघितलं. त्या दिवसापासून मला प्रार्थना येईना."

मी धीर मागाय गेले होते आणि हा माणूस माझ्याहून बेजार. परतताना माझी पाचावर धारण बसली होती. आभार मानावेत तर देवासमोर खोटं बोलणं, आणि खरं बोलावं तर सुवार्ताच्या कानावर जाणार. खोट्याची शिक्षा इराला होईल, असं मला पक्कं वाटून राहिलं होतं.

रविवारी सतरंजीवर बायकांच्या बाजूला जाऊन बसले आणि मान वर केली तर पुढं सुवार्ता. पांढरी साडी, केस नीट विंचरलेले. दोन गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं.

मी उभी राहिले. खांबाला धरलं. सासूबाई खालून म्हणाल्या, "बोल गं." मग मी बोलले. "देवानं मला राखलं असं मी म्हणणार न्हाई. ती जागा माझी होती. माझा कान दुखत होता म्हणून मी अक्षराला तिथं बसवलं. लेकरू माझ्या जागी मेलं."

सुवार्ता उठली आणि माझ्याकडं चालत आली. मारणार, असं वाटून मी डोळे मिटले. मारावं, असंही वाटलं.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "जीपमधून पाळकीणबाईंचा फोन घेऊन अक्षरानं मला लावला होता. मम्मी, मावशीनं मला खिडकी दिली, म्हणाली."

मी डोळे उघडले.

"तुमच्या जागी मेला तो एकच, ताई, आणि तो समजून उमजून, आपल्या पायानं गेला. माझी लेक खिडकीत बसाय गेली होती. तिला तुमच्यासाठी क्रुसावर चढवू नका." मग ती मंडळीकडं वळली. "ट्रॉलीवाल्यानं दिवा लावला नव्हता. ते पाप माणसाचं हाय. योजना म्हणून ते देवाच्या माथी कुणी मारू नका."

पाळकसाहेब खुर्चीतून उठून खाली सतरंजीवर बसले.

"मग देव कुठं होता गं?" मी विचारलं. विचारताना सुद्धा भ्याले होते.

"मला न्हाई ठाऊक. रोज विचारते. त्याचं लेकरू क्रुसावर मारलं तेव्हा तोही तिथंच होता म्हणतात, तर माझ्या लेकराजवळही असंल. एवढ्यावर मी सकाळी उठते." ती माझ्यासमोर बसली आणि मलाही खाली ओढलं. "तुम्ही माझ्याकडं यायला पायजे होतं, ताई. तिचं शेवटचं बोलणं मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सगळे मलाच शहाणपण सांगत होते."

"सांग," मी म्हणलं.

"सूर्य लई मोठा दिसून राहिला म्हणाली. एका शेतात दोन मोर दिसले म्हणाली. मी म्हणलं, मोठ्यानं बोल, ऐकू येईना. तर म्हणाली, मम्मी, मावशी झोपलीय, तिचा कान दुखतोय. मी हळूच बोलते."