शाल नको, मोबदला बोला

आंबेडकर जयंतीच्या गाण्यांचं आमंत्रण घेऊन संघर्ष गायिका आम्रपालीकडे आला, तो होकार गृहीत धरूनच. तो कासारवाडीच्या मंडळाचा सेक्रेटरी. साउंडवाल्याला आणि मांडववाल्याला त्याने ॲडव्हान्स देऊन टाकला होता. गाणाऱ्यांना काय द्यायचं, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. दरवर्षी शाल आणि नारळावर भागत होतं!

आम्रपालीने चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की यंदा मानधन आधी ठरेल, नाहीतर तिची गायन पार्टी गाणार नाही.

संघर्ष दुखावला. "ताई, बाबासाहेबांची गाणी गायची आणि पैसे मागायचे? हे समाजाचं काम आहे."

तिने कपाट उघडून शालींची चळत दाखवली. तिचा भाऊ धम्मरत्न ढोलकी वाजवतो, हे साऱ्या कासारवाडीला ठाऊक. त्याचं घरभाडं कसं निघतं, हे कुणी विचारलं नव्हतं. आता तो ढोलकी बंद करून निघोज्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला लागणार होता. तो गेला की पार्टी मोडणार होती.

"दादा, तुमच्या कंपनीने रविवारी फुकट कामाला या म्हटल्यावर तुम्ही गेटवर सभा घेतली ना? तिथं ढोलकी कुणाची होती?"

धम्मरत्नची होती. तीही फुकट! संघर्षची मान खाली गेली.

"महार वतनाच्या नावाखाली फुकट राबणं बंद व्हावं म्हणून बाबासाहेब लढले," आम्रपाली म्हणाली. "मग त्यांच्याच जयंतीला आम्ही फुकट का राबायचं?"

संघर्षने मानधनाचा विषय मंडळापुढे ठेवला. बैठकीत कुरकुर झाली, पण तो हटला नाही. फटाके रद्द करून त्याने पार्टीचं मानधन ठरवलं आणि ॲडव्हान्स स्वतः नेऊन दिला. तेवढ्यावर धम्मरत्नचं वर्ष निघणार नव्हतं, म्हणून संघर्ष आसपासच्या मंडळांच्याही मागे लागला. तिथूनही मानधन ठरवून कार्यक्रम मिळाले, तेव्हा धम्मरत्नने ठेकेदाराला नाही म्हणून कळवलं.

जयंतीला ढोलकी वाजली. शेवटी शालही आली आणि आम्रपालीने ती हसत घेतली, कारण उरलेलं मानधन गाण्याआधीच पोचलं होतं.

मित्रहो, कलावंताचा सत्कार जरूर करा, पण आधी त्याच्या कष्टाचा मोबदला ठरवा. गाणाऱ्याच्याही घरात चूल असते.