वास गेल्यानंतर

अंजनानं फिनेलच्या बाटलीचं झाकण पिळलं, तेवढ्यात हर्षालीनं तिचा हात धरला.

"आई, आज सत्काराला जाऊ नकोस."

आळेफाट्यावर बाळासाहेबांच्या हॉटेलात बचत गटाचं जेवण होतं. गॅरेजांमागच्या खड्ड्यात साऱ्या वस्तीचं सांडपाणी साचायचं. नाक दाबल्याशिवाय तिथून जाता येत नसे. अंजनाच्या गटाचं फिनेल घरोघरी, हॉटेलाहॉटेलांत जाऊ लागलं आणि तो वास गेला. सत्कार त्याचाच होता.

"वास गेला, कारण फिनेलनं आतले जिवाणू मेले," हर्षाली म्हणाली. कॉलेजात ती हेच शिकत होती. खड्ड्यातून खाली वाहणारं पाणी तिनं कॉलेजातच तपासून घेतलं होतं. "गॅरेजवाले जुन्या बॅटऱ्यांचं पाणी गटारात ओततात. त्यातलं शिसं हे जिवाणू काळ्या गाळात धरून ठेवायचे. आता ते पाण्याबरोबर सुटं वाहतंय. अंगात हळूहळू भिनतं ते, आई. आणि खाली लंकाबाईचा अळू आहे."

अंजना पायांत चप्पल न घालताच निघाली.

खड्ड्याच्या उताराला लंकाबाई पाटाचं पाणी वळवत होती. वाफ्यात नुसते देठांचे खुंट उरले होते.

"लंकाबाई, अळू कुठाय?"

"तुमच्याच जेवणाला दिला की. सकाळीच हॉटेलचा माणूस घेऊन गेला."

अंजना हॉटेलच्या मागच्या दारानं शिरली, तेव्हा पंगत बसली होती. गटातली भागू अळूच्या फदफद्याचं पातेलं घेऊन वाढत होती. पहिली बाई घास उचलत होती.

"थांबा! पाल पडलीया त्यात!"

"अगं बाई!" भागूच्या हातून पातेलं सुटलं. हिरवा रस्सा फरशीभर पसरला. ताटं मागं सरली. अंजना भिंतीला टेकली. कुणाच्याच पोटात काही गेलं नव्हतं.

बाळासाहेब हातात शाल घेऊन पुढं आले.

"वेळेवर आलात ताई. लई उपकार झाले. भागूबाई, फरशीवर ताईंचंच फिनेल टाका. चांगलं भरपूर टाका."

भागूनं बाटली उघडली. फरशीचा उतार मोरीकडं होता, आणि मोरीचं पाणी त्याच खड्ड्यात जायचं.

अंजनानं वाकून बाटलीच्या तोंडावर तळवा ठेवला.

"नको, भागू."

"अगं, पाल..."

"पाल न्हाई पडली."

बाळासाहेबांची शाल अर्धवट उलगडलेली राहिली. साऱ्या बाया तिच्याकडं बघत होत्या. यातल्या कितीजणींची घरं त्या बाटल्यांवर चालत होती. अंजनानं बाटली भागूच्या हातातून घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी ताटांच्या मधोमध ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "सांगते."